दिवा मालवा, खिडकी उघडा



मी लखनौहून आले आहे. माझं माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. ह्यांची नोकरी रेल्वेत, त्यामुळे १९९८ साली लखनौला बदली झाली आणि आम्ही आलमबागेत राहायला गेलो ते कायमचेच. तेव्हा बोलता बोलता एखादा हिंदी शब्द आला तर सांभाळून घ्या. माझी मुलं म्हणतात, 'आई, तू मराठी हिंदीत बोलतेस आणि हिंदी मराठीत.'

ज्यांनी आलमबाग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चारबाग स्टेशनवर उतरलात आणि कानपूरच्या रस्त्याला लागलात की लगेच आलमबाग येतं. डोक्यावर मेट्रो, खाली बस अड्डा, ई-रिक्षांची गर्दी, चंदरनगरचा बाजार. नवाब वाजिद अली शाहनं आपल्या आलम आरा बेगमसाठी इथे कोठी आणि मोठी बाग बांधली, म्हणून हे आलमबाग. १८५७ च्या लढाईत त्या बागेची छावणी झाली. आज जुना दरवाजा उभा आहे, बाजाराच्या गर्दीत. बाग गेली, नाव राहिलं. आणि बागेतली काही मंडळीही राहिली, हे मला फार उशिरा कळलं.

मी प्राणिशास्त्र शिकलेली नाही. शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त झाले. त्यामुळे इथे तज्ज्ञ म्हणून उभी नाही. न ठरवता झालेल्या काही भेटी, त्यात मी केलेल्या चुका, आणि त्यातून जे शिकले ते सांगायला उभी आहे.

पहिली भेट २००९ सालच्या ऑगस्टमधली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. लाइट गेलेली, उकाडा मरणाचा, म्हणून खिडक्या सताड उघड्या. मुलगा नऊ वर्षांचा, तो झोपलेला. तेवढ्यात लाइट आली, पंखा सुरू झाला, आणि छताखाली काहीतरी काळं गोल गोल फिरायला लागलं.

वटवाघूळ!

ह्यांनी डास मारायची रॅकेट उचलली. मुलगी चादरीत शिरली. सासूबाईंनी दारातूनच रामरक्षा सुरू केली. आणि मी ओरडले, 'मारू नका!'

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण झुरळ दिसलं तरी घर डोक्यावर घेणारी बाई मी. मी असं का म्हटलं, ते सांगायला मला तुम्हाला थोडं मागे न्यावं लागेल.

खानापूरकडच्या आमच्या घरात माजघरात केळीचे घड पिकायला टांगलेले असायचे. चैत्रातली संध्याकाळ होती. मी आठ वर्षांची असेन. तिन्हीसांजेला दिवा लावला आणि केळ्यांच्या वासानं एक वटवाघूळ आत आलं. तिन्हीसांजेला वटवाघूळ घरात आलं तर अशुभ, हे आम्हाला पाठ. काकांनी खराटा घेतला आणि बॅटरी माझ्या हातात दिली. 'बत्ती धर गे नीट,' म्हणाले. मी नीट धरली. वटवाघूळ जिकडे जाईल तिकडे मी उजेड टाकत होते. तिसऱ्या फटक्याला ते खाली पडलं.

मग आजी जवळ येऊन वाकली. त्याच्या छातीला एक पिल्लू चिकटलेलं होतं, आणि ते जिवंत होतं. आजी काही बोलली नाही. तिनं त्यावर परडी झाकली. रात्रभर त्या परडीतून बारीक आवाज येत होता. पहाटे थांबला. काकाही जागे होते, हे मला माहीत आहे, कारण पडवीत त्यांच्या बिडीचा ठिपका दिसत होता. त्या घरात पुन्हा कुणी हा विषय काढला नाही.

उजेड मी धरला होता. म्हणून त्या रात्री आलमबागेत मी ओरडले.

आता पुढचं ऐका, कारण इथे मी स्वतःची पाठ थोपटून घेणार नाही. ह्यांनी रॅकेट खाली ठेवली. तेवढ्यात ते वटवाघूळ पंख्याला लागलं आणि कपाटामागे पडलं. मी सरळ स्वयंपाकघरातला नॅपकिन आणला आणि त्याला उचललं. छोटं होतं, पिवळसर पोटाचं, मुठीत मावेल एवढं. आमच्याकडे अशा लहान, किडे खाणाऱ्या जातीला पाकोळी म्हणतात. ते अंगठ्याला चावलं. सुई टोचल्यासारखं वाटलं, रक्ताचा टिपूससुद्धा दिसला नाही. मी त्याला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, थोड्या वेळानं ते उडून गेलं. मला इतकं छान वाटलं म्हणून सांगू! माजघरातलं जुनं कर्ज फिटलं असं वाटलं. चावल्याचं मी घरात कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत डबा खाताना ही शौर्यकथा सांगितली. आमच्या जीवशास्त्राच्या मॅडमनी घास खाली ठेवला. 'दीदी, काटा क्या?' मी म्हटलं, थोडंसं. त्यांनी मला मधल्या सुट्टीतच रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं.

तिथे कळलं की वटवाघळालाही रेबीज होऊ शकतो. आपल्या देशात रेबीज प्रामुख्यानं कुत्र्यामुळे होतो हे खरं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमात वटवाघळाशी थेट संपर्क सगळ्यात गंभीर वर्गात, म्हणजे तिसऱ्या वर्गात धरतात. कारण त्याचे दात इतके बारीक असतात की चावा दिसतोच असं नाही. आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मला लस मिळाली, आणि जखमेत, म्हणजे अंगठ्याच्या पेरात, सीरमचं इंजेक्शन. ते मी आयुष्यात विसरणार नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, 'खोलीत आणखी कोण झोपलं होतं?'

मुलगा झोपला होता. वटवाघूळ खोलीत कधी आलं, त्याला स्पर्श झाला की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यालाही लस द्यावी लागली. पहिला दिवस, तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. आज तो मोठा झाला आहे, पण अजून म्हणतो, 'वटवाघूळ वाचवलं आईनं आणि सुया मला.'

घरी आल्यावर मी विचार करत बसले. काकांनी खराटा उचलला, मी नॅपकिन उचलला. त्यांना मारायचं होतं, मला वाचवायचं होतं. पण मुळात दोघांचं मत एकच होतं: समोर प्राणी आला की आपण काहीतरी केलंच पाहिजे. त्या प्राण्याला काय हवं आहे, हे दोघांनीही विचारलं नाही.

त्याला काय हवं असतं? बाहेर जायची वाट. बस, एवढंच. ते आपल्या केसांत अडकायला आलेलं नसतं. एक तर किड्याच्या मागे येतं, नाही तर वाट चुकतं. गोल गोल फिरतं कारण ते बाहेर पडायची जागा शोधत असतं. खाली झेपावतं तेव्हा आपल्यावर चालून येत नाही, वळण घेताना त्याची उंची कमी होते.

म्हणून आता आमच्या घरात एक पद्धत आहे. आधी पंखा बंद. मग मुलांना आणि म्हाताऱ्यांना खोलीबाहेर काढायचं. घराच्या आतली दारं लावायची. पडदे बाजूला, जाळी असेल तर ती उघडायची, बाहेरच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. खोलीतला दिवा मालवायचा. आणि आपण बाहेर जाऊन दार लावून घ्यायचं. २०१३ साली पुन्हा एक पाकोळी आली तेव्हा मी घड्याळ लावून बघितलं. सात मिनिटांत खोली रिकामी. सासूबाईंची रामरक्षासुद्धा पुरी झाली नव्हती.

ते जमिनीवर पडलेलं असेल तर बहुतेकांना तिथून उडता येत नाही. त्यांना उंचावरून झेप घ्यावी लागते. अशा वेळी त्यावर खोकं उपडं ठेवायचं, खालून पुठ्ठा सरकवायचा, आणि खोकं बाहेर झाडाच्या बुंध्याशी उंचावर आडवं ठेवायचं. जाड हातमोजे नसतील तर तेही करायचं नाही, वनविभागाला किंवा प्राणिमित्रांना फोन करायचा. उघड्या हातानं, नॅपकिननं, ओढणीनं उचलायचं नाही. आणि चुकून ओरखडा जरी आला, किंवा झोपलेल्या लहान मुलाच्या खोलीत ते सापडलं, तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. उद्या नाही, त्याच दिवशी.

हे कळल्यावर मला बाकीच्या भेटींचाही अर्थ लागायला लागला.

एकदा थंडीत रात्री दोन वाजता जाग आली ती वासानं. आंबेमोहोर भात शिजतोय, असा वास! मी ह्यांना उठवलं. म्हटलं, वरच्या भाभीजी या वेळी भात का शिजवताहेत? हे म्हणाले, 'झोप.' तीन रात्री तोच वास. चौथ्या दिवशी जिन्याखालच्या अडगळीतून लांब शेपटीचं एक जनावर निघालं आणि पाइपवरून गच्चीत गेलं. कॉलनीत आरडाओरडा, 'कबर बिज्जू! कबर बिज्जू!' लोकांची समजूत अशी की हे कबर उकरून प्रेतं खातं. ते होतं आपलं उदमांजर. त्याच्या अंगाच्या स्रावाला सुगंधी तांदळासारखा वास येतो. खातं काय, तर फळं, उंदीर, किडे. आलमबागेतल्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, जुने जिने, हे सगळं त्याचं राज्य. आपण दिवसा राहतो, ते रात्री. आम्ही अडगळ साफ केली, फट बुजवण्याआधी ते बाहेर गेल्याची खात्री केली, आणि ते दुसरीकडे गेलं. भाताचा वास अजून कधीतरी येतो. आता मी ह्यांना उठवत नाही.

तसंच घोरपडीचं. पावसाळ्यात नाल्याकाठून एक अंगणात आली तर शेजारचे अंकल लोखंडी सळई घेऊन धावले. अवधमध्ये तिला विसखापर म्हणतात आणि ती चावली की माणूस पाणी मागत नाही असं मानतात. मी म्हटलं, अंकल, आमच्याकडे घोरपडे नावाची घराणी आहेत. तिच्या कमरेला दोर बांधून मावळे कडा चढले अशी तानाजीची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. तिच्या चाव्यानं कुणी मरत नाही, आणि कायद्यानं तिला पहिल्या अनुसूचीत ठेवलं आहे, मारलं तर तुरुंग. अंकल तुरुंगाला घाबरले की तानाजीला, माहीत नाही, पण थांबले. आम्ही दहा पावलं मागे सरलो. ती भिंतीच्या कडेनं निघून गेली.

आता तुम्ही म्हणाल, पाकोळी आणि घोरपडीचं ठीक आहे, पण मोठं जनावर आलं तर? तर तेही सांगते, कारण ते आमच्या शेजारी घडलं.

आलमबागेला लागून आशियाना नावाची वस्ती आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथे बिबट्या शिरला. बघता बघता बातमी पसरली. गच्च्यांवर माणसं, गल्लीत माणसं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. माझा मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा. स्कूटर नव्हती जागेवर, हाही नव्हता. मी फोन लावला तर मागे नुसता गलका. 'आई, व्हिडिओ काढतोय फक्त.' मी त्याला काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तो परत आला. शेवटी तो बिबट्या पोलिसांच्या गोळीनं मेला. त्यानं अंगावर झेप घेतली म्हणून गोळी झाडावी लागली, असं सांगितलं गेलं. त्या क्षणी त्याच्या समोर उभ्या असलेल्या माणसाला दोष देणं मला जमत नाही. पण मी मुलाला एकच विचारलं, 'तुम्ही सगळे तिथे उभे होतात, तर त्याला जायला वाट कुठे होती?' तो गप्प झाला. माजघरात बॅटरी धरणारी मी, आणि मोबाइल धरणारा तो. फरक नव्हता.

सात वर्षांनी, १२ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री, आमच्याच बाजूला बुद्धेश्वर भागात लग्नाच्या हॉलमध्ये बिबट्या शिरला. तुम्हीही ते व्हिडिओ पाहिले असतील. वऱ्हाडी रस्त्यावर, नवरा-नवरी गाडीत बसून. वनविभागाचा एक माणूस जखमी झाला. पण हॉल रिकामा झाला होता. आतली जागा जनावराकडे आणि माणसं बाहेर. पहाटेपर्यंत त्याला बेशुद्ध करून जिवंत पकडलं.

त्याच हिवाळ्यात मलिहाबादजवळ रहमानखेड्याला वाघ फिरत होता. दशहरी आंब्याच्या बागांचा मुलूख हा, लखनौच्या उशाशी. डिसेंबरपासून मार्च २०२५ पर्यंत तो तिथे राहिला आणि मग पकडला गेला. २०१२ मध्येही त्याच भागात एक वाघ कित्येक महिने राहिला होता आणि तोही जिवंत पकडला गेला. वेळ लागला, गावकऱ्यांचे हाल झाले, रात्री शेतात जाणं बंद झालं. हे सोपं नसतं. पण खोलीत पाकोळी असो नाही तर बागेत वाघ, सूत्र तेच. माणसं मागे घ्या, वाट मोकळी ठेवा, आणि ज्याचं काम आहे त्याला करू द्या. महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. तुम्ही ज्या राज्यात असाल तिथला नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. बिबट्या दारात आल्यावर नंबर शोधता येत नाही.

आता मी ज्या भेटीबद्दल बोलायला आले, ती सांगते.

आमच्या कॉलनीच्या मागे एक जुनं अर्जुनाचं झाड आहे. त्यावर मोठी वटवाघळं लटकायची. पंख पसरले की मीटरभराच्या पुढे, चेहरा कोल्ह्यासारखा. दिवसा कलकलाट, संध्याकाळी एकामागून एक निघायची, आंबा, जांभूळ, मोहाच्या दिशेनं. वर्षानुवर्षं कुणाची तक्रार नव्हती. गाड्यांवर घाण पडायची, लोक गाडी पुढे लावायचे, संपलं.

मग २०२० आलं. लॉकडाऊन. घराघरात टीव्हीवर एकच नाव, वटवाघूळ. त्या एप्रिलमध्ये बातमी आली की भारतातल्या वटवाघळांत कोरोना सापडला. बातमी अर्धी होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांना जो सापडला होता तो कोरोना कुटुंबातला वेगळा विषाणू होता, माणसांत साथ पसरवणारा नव्हता. पण अर्धी बातमी पुऱ्या बातमीपेक्षा जोरात पळते. कॉलनीच्या ग्रुपवर ठरलं, झाड तोडायचं. तोवर फटाके वाजवून त्यांना पळवायचं.

मे महिना संपत आला होता. लू वाहत होती. गोरखपूरजवळ बेलघाटला एका बागेत शेकडो वटवाघळं मरून पडली. लोकांना वाटलं, झालं, साथ आली. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनं तपासलं तर कारण निघालं उष्णता. ती बिचारी उन्हानं मेली होती.

आणि दोन दिवसांनी आमच्या अर्जुनाखाली सात पडली. चार मेलेली, तीन धापा टाकत. गर्दी जमली, तोंडाला मास्क, हातात काठ्या. कुणीतरी रॉकेल आणायला सांगितलं.

मला भीती वाटत होती का? खूप. अंगठ्यातली सुई आठवत होती. पण जवळ जायचंच नव्हतं मला. मी फक्त झाडाच्या आणि लोकांच्या मध्ये एक प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि छत्री उघडून बसले. बासष्ट वर्षांची गणिताची बाई. त्यातल्या निम्म्या पोरांना मी पाढे शिकवले होते. म्हटलं, 'बेटा, हात लावायचा नाही, मारायचं नाही. वनविभागाचा माणूस येईपर्यंत दहा पावलं मागे.' मुलानं दुरून पाइपनं झाडाच्या सावलीतल्या फांद्यांवर पाण्याचा बारीक फवारा सुरू केला. वनविभागाचा माणूस दोन तासांनी आला, हातमोजे घालून. तिघांपैकी एक वाचलं.

एकच. मी काही विजयाची गोष्ट सांगत नाहीये. झाड वाचलं असंही पूर्ण म्हणता येणार नाही. त्या हिवाळ्यात एके सकाळी अर्ध्याहून जास्त फांद्या छाटलेल्या दिसल्या. कुणी छाटल्या, कुणाच्या सांगण्यावरून, कुणी बोललं नाही. वटवाघळं गेली.

लोक मला विचारतात, धोका खरा आहे ना? हो, खरा आहे. केरळात २०१८ साली निपाहनं माणसं गेली. आपल्या महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांतही निपाहचा पुरावा राष्ट्रीय विषाणू संस्थेला सापडला आहे. म्हणून अर्धवट खाल्लेलं फळ खाऊ नये, पडलेलं फळ पोरांनी उचलू नये, गुहेत शिरून त्यांना उठवू नये. पण धोका आहे म्हणून त्यांचं घर मोडावं, हे गणित चुकतं. ऑस्ट्रेलियात हेन्ड्रा नावाच्या विषाणूचा पंचवीस वर्षांच्या नोंदींवरून अभ्यास झाला. झाडं गेली, फुलांचा हंगाम बुडाला की उपाशी वटवाघळं माणसांच्या आणि घोड्यांच्या जवळ येतात, आणि तेव्हा विषाणू उडी मारतो. ज्या वर्षी जंगलात फुलं भरपूर, त्या वर्षी ती तिकडेच राहतात. म्हणजे झाड तोडून आपण त्यांना लांब घालवत नाही, जवळ बोलावतो.

आणि कायद्याचंही ऐका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर आणि कावळ्याबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकलं होतं. म्हणजे त्यांना मारायला मोकळीक. पन्नास वर्षं ती तशीच राहिली. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली आणि आमच्या अर्जुनावर असणाऱ्या मोठ्या वटवाघळाला दुसऱ्या अनुसूचीत संरक्षण मिळालं. एप्रिल २०२३ पासून ते लागू झालं. वर्षाला एकच पिल्लू देणारा प्राणी आहे हा. शंभर मेले तर भरून यायला किती वर्षं लागतील, ते गणित तुम्ही घरी करा.

हे सगळं वाचताना मला आणखी एक गोष्ट कळली, आणि मी अक्षरशः चष्मा काढून ठेवला. आमच्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सर्वेक्षणात तिथे एक वटवाघूळ सापडलं आणि १९१३ मध्ये ते नवी जात म्हणून जगापुढे आलं. रॉटन नावाच्या वनाधिकाऱ्याच्या नावानं ते ओळखलं जातं. त्यानंतर कित्येक दशकं ही एकच गुहा त्याचं जगातलं एकमेव ठाऊक असलेलं ठिकाण होती. पुढे मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. ज्या काळात फळं खाणारी वटवाघळं उपद्रवी होती, त्या काळातही त्याला वाघाच्या बरोबरीनं पहिल्या अनुसूचीत जागा होती. जगभरातले लोक ज्याच्यासाठी खानापूरचं नाव घेतात, ते मला लखनौला आल्यावर पन्नाशी उलटल्यावर कळलं. आम्हाला फक्त एवढंच ठाऊक होतं की तिन्हीसांजेला वटवाघूळ आलं की खराटा घ्यायचा.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माहेरी गेले होते. काका आता नव्वदीला टेकलेत. पडवीत बसलो होतो. बोलता बोलता एक पाकोळी आत शिरली आणि माजघरात फिरायला लागली. भाचेसून किंचाळली. मी उठणार, तेवढ्यात काका काठी टेकत उठले. मला वाटलं, आता हे काठी उगारतात. ते भिंतीपाशी गेले.

'बत्ती बंद कर गे,' म्हणाले, 'आणि ती खिडकी उघड.'

मी दिवा मालवला. मागचं दार, पुढचं दार, खिडकी, सगळं उघडलं. आम्ही दोघं पडवीत अंधारात बसून राहिलो. थोड्या वेळानं डोक्यावरून वाऱ्याची एक बारीक झुळूक गेली. काकांनी विचारलं, 'गेलं?' मी म्हटलं, 'गेलं.' त्यांनी मान हलवली. बाकी काही बोलले नाहीत. मीही नाही.

लखनौला परत आले तेव्हा अर्जुनाला नवी पालवी होती. फांद्या परत फुटल्यात. मागच्या पावसाळ्यात मोजली, अकरा वटवाघळं आली आहेत. पूर्वी मोजायला जमायचं नाही इतकी असत. पण अकरा आहेत.

आज रात्री घरी गेल्यावर फार काही करू नका. वनविभागाचा नंबर फोनमध्ये घाला. आणि मुलांना एवढं सांगून ठेवा की एखाद्या दिवशी घरात कुणी वाट चुकून आलंच, तर आधी दिवा मालवायचा.